मधली जागा

कोंडेलेच्या चौकात आडव्या झालेल्या टुकटुकांना
मी आता नावानिशी ओळखते.
'देव बघतोय', 'आईचं कर्ज', 'घाई नाही':
मागच्या पत्र्यावर रंगवलेली ही नावं
पेशंट स्ट्रेचरवरूनच सांगतात,
कुठे दुखतंय ते सांगायच्या आधी.
'घाई नाही'तून आजवर सातजण आले.

मी हाडांच्या वॉर्डात, अकरा वर्षं.
नडगी, मनगट, गळपट्टीचं हाड,
आणि उजवा कोपर. तो कायम बाहेर,
वाऱ्याला काढलेला,
शेजारून जाणाऱ्या ट्रकला जणू हातच करत.

बाबा सुतार होते, स्टुलं करायचे.
म्हणायचे, अपोंडी, चार पायांचं डुगडुगतं,
तीन पायांचं कुठल्याही जमिनीवर ठेव, हलणार नाही.
खरं आहे.
ते हलत नाही.
म्हणजे आधी सांगतही नाही.
वळणावर वजन एका कडेला गेलं
की सरळ आडवंच होतं.

तरीही सात वाजता हाताला प्लास्टरचा पांढरा वास घेऊन
मी फाटकाबाहेर येते.
मटाटू न्यालेंडाच्या आत येत नाही.
मोटारसायकलचं एक चाक आणखी कमी.
पायी जावं तर दिवे नाहीत, उघडं गटार आहे,
आणि गटारात पडलेलेही माझ्याकडेच येतात.
म्हणून हात करते.

काल जी थांबली तिच्या मागे नाव नव्हतं,
खरवडून काढलेलं.
आत ओमेनाचं घमेलं मांडीवर घेतलेली बाई,
भूमितीची वही उघडी धरलेला एक पोरगा,
आणि पुढे, ड्रायव्हरच्या सीटच्या दोन्ही अंगांना,
अर्धे अर्धे टेकलेले दोघे.
ड्रायव्हर मागे न बघता म्हणाला,
सिस्टर, मधे बसा.

चेहरा नाही, गुडघा ओळखला.
डावा. पुरता वाकत नाही.
मीच धरला होता तो, डॉक्टर प्लास्टर गुंडाळत असताना,
आणि ओग्वेनो, हेच नाव त्याचं,
ओरडला नव्हता. नुसता गाडीची किल्ली मागत होता.

बाजार गेला. कोळशाच्या शेगड्या, भाजलेली कणसं.
गतिरोधक आला की तो इतका हळू व्हायचा
की मागचे हॉर्न वाजवायचे, शिव्या द्यायचे.
आम्ही पाचजण एकमेकांच्या खांद्यांना धरून
एकाच अंगाने डावीकडे, मग उजवीकडे.
ओमेनाचे चार मासे वहीवर पडले.
पोरानं ते त्रिकोणातून वेचून परत दिले.

घमेलंवाली उतरली, पोरगा उतरला, पुढचे दोघेही.
मग आरशात माझ्याकडे बघत
त्यानं आठ महिन्यांचा प्रश्न विचारला:
माझ्यासोबत एक बाई होती, हिरवा लेसो नेसलेली,
कडेला बसली होती.
ती कशी आहे?

मला माहीत होतं ती कुठे गेली.
आमच्या इमारतीच्या मागे एक बैठी इमारत आहे,
तिथे प्लास्टर लागत नाही.
मी म्हणाले,
ती माझ्या वॉर्डात आलीच नव्हती.

तो बराच वेळ गप्प.
इंजिनाचा आवाज, खालून धूळ.
मग खांदे थोडे खाली आले त्याचे.
म्हणाला, म्हणजे तिला फार लागलं नसेल.

मी उतरले. पैसे दिले, त्यानं मोजले नाहीत.
तेवढ्यात गल्लीतून एक मुलगी धावत आली,
कडेवर टेकली, एक पाय बाहेर,
चला म्हणाली.
तो निघाला नाही.
मागे मटाटूचा हॉर्न, मग दुसऱ्याचा.
मधे सरक, पोरी, तो म्हणत होता.
जागा आहे ना मधे. सरक.